आधी वाच, मग दुमड

माझ्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. एसटीचं तिकीट हातात पडलं की तेलगाव यायच्या आत त्याचा पक्षी झालेला असतो. लग्नपत्रिका, किराण्याच्या याद्या, बिस्किटांचे कागद, काही म्हणून सुटत नाही. एकदा नवऱ्याच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टचा मी हत्ती केला आणि शोकेसमध्ये ठेवून विसरले. शेवटी बीडच्या डॉक्टरांपुढे तो हत्ती उलगडावा लागला. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण नवरा आठ दिवस बोलत होता. तेव्हापासून घरातले कामाचे कागद माझा हात पोचणार नाही अशा जागी असतात.

लोक म्हणतात, बाईंना कलेची भारी आवड. कसली आवड? जिवाला घोर लागला की माझी बोटं शिवशिवतात, एवढंच आहे ते. आणि पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत मला घोर हमखास असतो.

धारूरच्या घाटावर एका लहानशा गावात मी पहिलीचा वर्ग घेते. बीडहून अप-डाऊन करते. दसरा झाला की गावात ट्रक यायला लागतात आणि अर्धं गाव ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातं. त्यांच्यासोबत माझा अर्धा वर्गही जातो. जूनपासून घसा फोडून 'क'ला काना 'का' शिकवलेली पोरं ट्रकवर चढतात, आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात तेव्हा त्यांना साधा 'क'सुद्धा ओळखू येत नाही. जी पोरं मागं आजी-आजोबांजवळ राहतात त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेत होते, त्यांचा अभ्यास चालू राहतो. म्हणून पोळा झाला की मी दारोदार फिरते आणि आईबापांना विनवते, पोर ठेवून जा. हेडसर मला हसतात. म्हणतात, बाई, तुम्ही निवडणुकीला उभ्याच राहा, एवढी घरं तर उमेदवारसुद्धा फिरत नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गात तेवीस पोरं होती आणि मला घोर होता तो त्यातल्या एका पोरीचा. सहा वर्षांची, काटकुळी, तेलाने चप्प बसवलेल्या दोन वेण्यांची. तशी ती फार हुशार होती असंही नाही. पण तिला एखादी गोष्ट पटली नाही तर ती पुढं सरकायची नाही. 'अननसाचा अ' म्हटलं तर तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की अननस कुणी बघितलाय. मी म्हटलं, मी बघितलाय. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच शंका आली.

पोळा झाल्यावर शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला की पहिली-दुसरीच्या मुलांकडून कागदाचे प्राणी करून घ्या आणि संध्याकाळपर्यंत फोटो टाका. सोबत व्हिडिओ होता. व्हिडिओत गुळगुळीत रंगीत कागद, दोन गोरे हात आणि एक पेंग्विन. आमच्याकडे रंगीत कागद नव्हते. पाठकोरे होते, कपाटभर. जुने तक्ते, चुकीचे छापून आलेले फॉर्म, मागच्या वर्षीच्या चाचण्या. मी वर्गात फोन धरून व्हिडिओ दाखवला. पोरं गुडघ्यांवर उभी राहून बघत होती. ही पोरगी म्हणाली, "बाई, हे पाखरू कावून माणसावाणी उभं ऱ्हायलंय?"

मी सांगितलं की तो बर्फात राहतो. बर्फ पोरांना माहीत होता, नारायणगडाच्या जत्रेत लाल गोळा खाल्लेला होता. पण त्या बर्फात पाखरू कसं राहील हे काही केल्या कुणाला पटेना. एकाने पेंग्विन केला, त्याला सगळ्यांनी कावळा ठरवलं. मी चिडले. व्हिडिओवर, ग्रुपवर, पोरांवर, सगळ्यांवरच चिडले आणि फोन टेबलावर आपटला. मग म्हटलं, चला, चार पायांचं काहीतरी करू.

ते सगळ्यांत सोपं. कागद मधोमध दुमडायचा, उघड्या बाजूने अर्धगोल कापून काढायचा, की चार पाय होतात आणि जनावर उभं राहतं. कापून निघालेल्या तुकड्याचं डोकं करायचं. लांब कान लावले की ससा, आखूड लावले की मांजर. पण कात्री एकच होती आणि ती माझ्या हातात. तेवीस पोरांना एकेक करून कापून देता देता खिचडीची वेळ होणार, हे दिसत होतं. मी मान वर करून बघितलं तर ही पोरगी आपली आपण कामाला लागलेली. तिने कागदाची घडी घातली, नखाने दाबली, घडी जिभेवरून फिरवली आणि हळूच ओढली. कागद कापल्यासारखा सरळ फाटला. मी ओरडले, छी, थुंकी लावतात का कागदाला? तिने मान डोलावली आणि दुसरी घडी जिभेवरून फिरवली. शनिवारपर्यंत अख्खा वर्ग चाटून कागद फाडायला शिकला होता. आणि खोटं कशाला बोलू, सोमवारी एसटीत तिकिटाची घडी माझ्याही जिभेवर गेली. कंडक्टरने बघितलं आणि मान फिरवली.

मी तिला नमुना म्हणून ससा करून दिला होता. तिने तो पुष्कळ वेळ उलटसुलट करून बघितला. मग त्याच्या पाठीवरचा कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि एक पीळ दिला. सशाच्या पाठीवर टेंगूळ आलं. मी विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, वशिंड. मी सांगितलं की वशिंड बैलाला असतं, सशाला नसतं.

"मंग जू कुठं ठिवायचं?" ती म्हणाली.

त्या दिवशी आमच्या वर्गात जेवढी जनावरं झाली त्या सगळ्यांना वशिंड होतं. ससे, मांजरी, एक घोडा, आणि उभा राहणारा तो कावळासुद्धा. मी फोटो टाकला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं की हे उंट आहेत का.

हे मी हसत सांगते आहे, पण तेव्हा माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. पोळा झाला होता, दिवस हातातून निसटत होते आणि या पोरीचं काही ठरत नव्हतं. तिच्या घरी आठ महिन्यांचा भाऊ होता. आई आणि बाप जोडीने ऊस तोडणार, मग उसाच्या फडाच्या कडेला, नाहीतर मजुरांच्या तळावरच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पोराला सांभाळायला कुणीतरी हवं. आमच्याकडे हे काम मोठ्या बहिणीचं असतं. बहीण किती मोठी हे कुणी विचारत नाही, भावापेक्षा मोठी असली म्हणजे झालं.

मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई ज्वारी पाखडत होती. पंचविशीची असेल, अंगाने बारीक, आवाज मात्र शेजारच्या आळीत ऐकू जाईल असा. हसरी बाई. तिने मला चहा दिला, बसायला पोतं टाकलं आणि म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही बघूच म्हणाली. मी बसले नाही. अंगणात येरझारा घालत बोलत होते, तेव्हा ती म्हणाली की बाई, तुम्ही एका जागी उभ्या राहा, माझी मान दुखायला लागली. मी उभी राहिले. मग तिने मला खरं काय ते सांगितलं.

"ही मह्या कामाची न्हाई, बाई. हिच्यापाशी पोरगं घटकाभर ऱ्हात न्हाई. घेतलं की रडतंय. नेऊन तरी काय उपेग?"

म्हणून तिने माहेरी निरोप धाडला होता. तिची आई येणार होती तळावर, पोराला सांभाळायला. पोरगी मग इथंच राहील, सासूजवळ, आणि शाळेत जाईल. अजून पक्कं नव्हतं, म्हातारीचे गुडघे दुखत होते, पण येते म्हणाली होती.

मला एवढा आनंद झाला की मी दुसरा चहा मागून घेतला. कुणी आपल्या विद्यार्थिनीला बिनकामाची म्हणावं आणि बाईने खूश व्हावं, असं कधी झालं नसेल. पोरगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. काखेत भाऊ, आणि तो भोकाड पसरून रडत होता. मी मनात म्हटलं, रड बाबा, रड. दसऱ्यापर्यंत असाच रडत राहा.

तरी माझा जीव खालीवर होतच होता. म्हातारी नाही म्हणाली तर? रोज शाळेत आल्याआल्या मी पोरीला विचारायचे, आजी आली का. ती म्हणायची, न्हाई. मी विचारायचे, येणार आहे ना. ती म्हणायची, म्हाईत न्हाई. पाढे चालू असताना मी खिडकीतून रस्त्याकडे बघायचे. हातांना काम पाहिजे म्हणून रोज शेवटच्या तासाला पोरांना घेऊन कागद दुमडत बसायचे. हेडसर म्हणाले, बाई, भाषा, गणित काही आहे की नाही तुमच्या वर्गात? मी म्हटलं, आहे की, चार पाय मोजतो आम्ही. ते गेले. त्यांना वाटलं असेल की बाईंना नवा उपक्रम सापडलाय. मला फक्त दसऱ्यापर्यंतचे दिवस ढकलायचे होते.

त्या दिवसांत मी पोरांना पुष्कळ काही शिकवलं. शेपूट ओढली की मान हलवणारी गाय. फुंकर मारली की पुढं सरकणारा बेडूक. कागदाच्या लांब पट्ट्या उलटसुलट दुमडून केलेला साप, जो हातातून सोडला की सळसळत खाली येतो. पोरी-पोरांनी केलेली जनावरं घरी न्यायची, असा नियमही मीच काढला, कारण कपाटात जागा राहिली नव्हती. ही पोरगी रोज ओच्यात भरून न्यायची.

दसऱ्याला चार-पाच दिवस होते, तेव्हा मी शाळा सुटल्यावर तिसऱ्यांदा तिच्या घरी गेले. आजी आली का ते बघायला. आजी आलेली नव्हती. ओट्यावर पोरगी मांडी घालून बसली होती. मांडीत भाऊ, समोर कागदाच्या बैलांची रांग. खरोखर बैलच, वशिंड लावलेले ससे नव्हेत, दोन-दोन जुंपलेले, मानेवर काडीचं जू. ती एका बैलाची शेपूट ओढायची, तो मान हलवायचा, आणि तिच्या मांडीतलं पोर सगळं अंग हलवून हसायचं. ती साप सोडायची की ते टाळ्या पिटायला बघायचं आणि हात एकमेकांना चुकायचे. मी अंगणात उभी राहून किती वेळ बघत होते कोण जाणे. आई आत भाकरी थापत होती, घरात रडण्याचा आवाज नव्हता.

माझं मन भरून आलं. पहिलीची पोर, आणि शिकवलेलं एवढं हातात बसलेलं. मी फोन काढला, फोटो घेतला, तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला. मग दारात जाऊन तिच्या आईला हाक मारली आणि म्हटलं, अहो बघा तरी, तुमची पोर किती छान सांभाळते भावाला.

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने. मला कुणी विचारलेलं नव्हतं.

आई हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहून बघू लागली. खरं तर तिनेही ते नीट पहिल्यांदाच बघितलं असावं, दिवसभर कामात असायची. मी एवढ्यावर थांबले नाही. पोराला हसताना बघून मला चेव चढला. मी ओट्यावर बसले, पोरीकडून कागद मागून घेतला आणि पंख हलवणारा पक्षी शिकवला, जो मी दिवाळीनंतर वर्गात घेणार होते. पोर त्या पक्ष्यावर झेपावलं. आई हसली, मी हसले. एसटी चुकली आणि मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, पण त्या दिवशी मला कशाचंच काही वाटलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई स्वतः शाळेत आली. पदराखाली पाटी होती आणि पाटीत सीताफळं. डोळे उघडलेली, पिकून मऊ झालेली, डोंगरातली. तिने पाटी माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, हे कशाला?

"तुमचे लई उपकार झाले, बाई. पोरगं आता दिसभर हिच्यापाशी ऱ्हातंय. मह्या आईला सांगून धाडलं, तू नको येऊस, तुहे गुडघे दुखत्यात. हीच येती आता आमच्यासंगं."

मी एक सीताफळ हातात घेतलेलं होतं. ते माझ्या बोटांखाली दबून फुटलं आणि मनगटावरून रस ओघळला. पोरं बघत होती. मी तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि मग माझ्या तोंडाला आवर राहिला नाही. मी म्हटलं, सहा वर्षांची पोर आहे ती, तिला वाचता यायला लागलंय, तिचं वाटोळं करायला निघालात तुम्ही. म्हटलं, तुम्ही आई आहात का कोण? असलं बरंच काही बोलले, जे आज लिहायला हात धजत नाही. तिने ते सगळं ऐकून घेतलं. तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी निघालाच नाही. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तुमचं पोरगं ल्हान असताना तुमी शाळेत येत हुतावच ना? तवा ते कुणापाशी ऱ्हायचं?"

मी म्हटलं, सासूबाईंजवळ.

तिने मान हलवली. तिची सासू डोळ्यांनी अधू होती, हे मला माहीत होतं. शाळेतून आलेल्या सहा वर्षांच्या पोरीला ती म्हातारी भाकर देऊ शकत होती, रांगत्या पोरामागं धावू शकत नव्हती. आणि माहेरच्या म्हातारीला दुखऱ्या गुडघ्यांनी कोपीत वाकून राहायला लावायचं, तर ते लेकीने कोणत्या तोंडाने करावं? तिने पाटी रिकामी करून घेतली आणि ती गेली. सीताफळं मी पोरांना वाटून टाकली.

मला माझाच राग आला होता. रागापेक्षाही लाज जास्त वाटत होती. चार महिने खपून मी त्या पोरीला दहा-बारा अक्षरं शिकवली होती, आणि मनाला चैन नाही म्हणून महिनाभर कागद दुमडत बसले, त्यातून एक तरबेज दाई तयार केली होती. माझ्या वर्गातून कुणी काही पूर्ण शिकून बाहेर पडलं असेल तर ते एवढंच.

ट्रक यायला दोन दिवस होते. मला गप्प बसवेना. मी कपाटातले सगळे पाठकोरे कागद काढले आणि प्रत्येक कागदाच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहायला घेतला. काना नसलेले आधी, घर, नळ, बस, गवत. मग कान्याचे, मग वेलांटीचे. जाताना एसटीत लिहिले, येताना लिहिले. घाटातल्या वळणांवर अक्षरं वाकडी झाली, ती तशीच ठेवली. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर लिहिले. नवऱ्याने न विचारता भात लावला. शंभरावर कागद झाले. सगळ्यांत वरच्या कागदावर मी माझा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला, कारण आकडे तिला येत होते.

ट्रक सकाळी शाळेसमोर लागला. कोयते, पत्र्याच्या पेट्या, चुलीला सरपण, पिठाची पोती, शेळी, सगळं वर चढत होतं. पोरगी बोचक्यावर बसली होती, भाऊ मांडीत. अंगावर शाळेचा गणवेश होता, कारण धड कपडा तोच होता. मी सुतळीने बांधलेला गठ्ठा वर केला. तिच्या आईने तो घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पोरीच्या हातात दिला. मी टाचा उंचावून पोरीला सांगितलं, "प्रत्येक कागद आधी वाच, मग दुमड. कळलं? आधी वाच."

ती म्हणाली, व्हय. लगेच गठ्ठ्यावरचा पहिला कागद तिने ओढून बघितला, त्यावर नंबर होता म्हणून परत खोचून ठेवला. ट्रक निघाला. मी वर्गात गेले आणि हजेरी घेतली. तेवीसमधली अकरा पोरं होती.

त्यानंतर मला कागद हातात धरवेना. एसटीचं तिकीट मी तसंच पर्समध्ये टाकायचे. पोरांनी दोन-तीनदा म्हटलं, बाई, बैल करू. मी म्हटलं, पाढे काढा. हेडसरांना बरं वाटलं. मला मात्र दिवसातून दहा वेळा फोन बघायची सवय लागली. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून मधल्या सुट्टीत मी टाकीभोवती फिरत राहायचे. दिवाळी गेली. मी मनाशी हिशेब करायचे की आता ती कान्याच्या शब्दांवर आली असेल, आता वेलांटीवर. एका कागदावर मी 'चिमणी' लिहिलं होतं. ते तिला जमेल का, याचा मी अख्खा रविवार विचार केला.

संक्रांत होऊन गेल्यावर एके दिवशी, पोरं खिचडीला बसलेली असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. मी टाकीशीच होते. पलीकडून कुणी बोलेना, नुसता गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बाई, मी हाय."

आईने अडीनडीला असावा म्हणून मोबाईल कोपीत ठेवला होता. नंबर तिने एकटीने लावला होता, एकेक आकडा बघून. मी तिला दहा प्रश्न एकदम विचारले. जेवलीस का, बरी आहेस का, भाऊ कसा आहे, थंडी आहे का तिकडे. ती सगळ्याला व्हय म्हणाली. मग मी विचारलं की एवढा गलका कसला आहे.

"पोरं हायती. आठ झाली. आमचं एक, बाकी लोकांची. मह्यापाशी रडत न्हाईत म्हणून बाया सकाळी ठिवून जात्यात."

खरं सांगते, पहिल्यांदा मला अभिमान वाटला. माझी पोर, सहा वर्षांची, आणि आठ पोरं सांभाळते. दुसऱ्या क्षणी आपल्याला कशाचा अभिमान वाटतो आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी टाकीच्या गार भिंतीला टेकून उभी राहिले.

मी विचारलं, कागद वाचतेस ना? आधी वाचतेस ना?

"पयले वाचले," ती म्हणाली. "आता न्हाई. वाचत बसलं की पोरं रडत्यात."

मग तिने फोन कशाला केला होता ते सांगितलं. कागद संपत आले होते. जुनी जनावरं पोरांनी चावून, ओढून फाडली होती. आणि आज सकाळपासून एक पोर रडायला लागलं, त्याचं बघून दुसरं, आणि आता सगळीच रडत होती. ती चिडलेली नव्हती, रडकुंडीलाही आलेली नव्हती. कामातली अडचण विचारावी तसं तिने विचारलं.

"बाई, तुमच्या वर्गात समदी पोरं एकदाच रडाया लागली, तर तुमी काय करता?"

जून महिन्यात माझ्या वर्गात हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी मी एकच करते. तेच माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, "मी त्यांच्या आईला बोलावून आणते."

"आई फडात हाय," ती म्हणाली. "समद्यांचीच."

मागं पोरं रडत होती. ती फोन कानाला लावून थांबली होती, मी आणखी काही सांगेन म्हणून.